मोटारीतला गोंगाट : ध्वनिरोधक अस्तर कुठे, किती आणि कशासाठी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून लहान मोटारीने प्रवास करणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. कळंबोली मागे पडते, गाडी ताशी ८० ते १०० किलोमीटरचा वेग घेते आणि मागच्या सीटवरील आजीचे बोलणे पुढे ऐकू येईनासे होते. गाण्यांचा आवाज वाढवावा लागतो. पुण्यात उतरल्यावरही काही वेळ कानात घरघर घुमत राहते. पावसाळ्यात तर छताच्या पत्र्यावर पडणाऱ्या सरींमुळे शेजारच्याशी बोलणेही कठीण होते.

या त्रासावर उपाय म्हणून गाडीच्या आतून ध्वनिरोधक अस्तर बसवून घेण्याकडे अनेक वाहनमालकांचा कल असतो. मुंबईतील कुर्ला-कालिना भागातला सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात ‘डॅम्पिंग’ हा शब्द आता रुळला आहे. दरवाजे उघडून, सीट काढून, संपूर्ण गाडीला आतून चंदेरी चादर चिकटवण्याचे काम एक-दोन दिवसांत करून दिले जाते. त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम लहान नसते. काम चुकले तर मात्र पैसा वाया जातोच, शिवाय दरवाजा आतून गंजणे, गाडीत पाणी साचणे किंवा एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड होणे असे गंभीर परिणामही संभवतात. म्हणूनच या अस्तराचे शास्त्र, त्याची मर्यादा आणि ते लावण्याची योग्य जागा समजून घेणे आवश्यक ठरते.

आवाज येतो कुठून?

मोटारीत ऐकू येणाऱ्या गोंगाटाचे मुख्य स्रोत तीन आहेत. पहिला इंजिनाचा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला १०० स्फोट होतात आणि १०० हर्ट्झचा खर्जातला नाद निर्माण होतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेगाला हा नाद ७५ हर्ट्झचा असतो. गाडीच्या पत्र्याला नेमकी हीच कंपने सहज पकडता येतात. अंगात घुमल्यासारखा वाटणारा आवाज तो हाच.

दुसरा स्रोत टायरचा. टायरची नक्षी रस्त्यावर आपटते, नक्षीतल्या खाचांमध्ये हवा दाबली जाऊन सुटते आणि टायरच्या पोकळीतील हवाही स्वतंत्रपणे घुमते. हा आवाज मुख्यतः १,००० हर्ट्झच्या आसपास असतो, तर पोकळीतील हवेचा घुमारा २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान ऐकू येतो. रस्त्याच्या पृष्ठभागानुसार त्यात मोठा फरक पडतो. डांबरी रस्त्यापेक्षा आडव्या खाचा असलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायर अधिक कर्कश बोलतात. द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही मुख्यतः काँक्रीटचाच आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या प्रवाशांना टायरच्या आवाजाचा प्रश्न विशेष जाणवतो.

तिसरा स्रोत वाऱ्याचा. आरसे, दरवाज्यांच्या फटी, छतावरील कॅरियर यांना घासून जाणारी हवा आवाज करते. वेग वाढला की हा आवाज फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर त्यात सुमारे १८ डेसिबलची भर पडते. शहरात वाऱ्याचा आवाज जवळजवळ जाणवत नाही, पण ताशी १०० किलोमीटरनंतर तोच इतर आवाजांवर मात करू लागतो.

हे तिन्ही आवाज आत येण्याचे मार्ग दोन. एक हवेतून, म्हणजे फटी, काचा आणि पातळ पत्र्यांमधून. दुसरा गाडीच्या सांगाड्यातून. इंजिनाच्या माउंटिंगमधून आणि सस्पेन्शनमधून आलेली कंपने सांगाड्यामार्फत दरवाजे, फरशी आणि छतापर्यंत पोहोचतात, आणि हे मोठे, पातळ पत्रे ढोलाच्या कातड्यासारखे थरथरून स्वतःच आवाज करू लागतात.

डेसिबलचे फसवे गणित

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या पट्टीसारखे नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली तर केवळ ३ डेसिबलची वाढ होते. ऊर्जा दहापट झाली तर १० डेसिबलची वाढ होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ३ डेसिबलची घट कानाला जेमतेम जाणवते आणि १० डेसिबलची घट झाली तर गोंगाट निम्मा झाल्यासारखे वाटते.

या गणिताचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. समजा, गाडीत टायरचा आवाज ७० डेसिबल आणि इंजिनाचा ६० डेसिबल आहे. दोन्ही मिळून १३० होत नाहीत, तर ७०.४ डेसिबल होतात. आता बराच खर्च करून इंजिनाचा आवाज पूर्णपणे बंद केला, तरी एकूण पातळी ७०.४ वरून ७० वर येईल. म्हणजे फरक शून्याच्या जवळ. सर्वांत मोठा स्रोत सोडून इतरत्र केलेला खर्च कानापर्यंत पोहोचतच नाही, हे यावरून लक्षात येते.

लहान मोटारीत ताशी १०० किलोमीटर वेगाला आतला आवाज साधारणपणे ६५ ते ७५ डेसिबलच्या दरम्यान असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. त्या तुलनेत मोटारीतील आवाजाने बहिरेपण येण्याची भीती सामान्यतः नसते. मात्र समोरासमोरचे नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. गोंगाट त्याच्या वर गेला की प्रत्येकाला ओरडून बोलावे लागते, चालकाला सतत कान टवकारून राहावे लागते आणि लांबच्या प्रवासात शीण वाढतो. खरा प्रश्न या शिणाचा आहे.

तीन कामे, तीन साहित्ये

बाजारात ‘साउंडप्रूफिंग’ या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तू प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कामे करतात. ग्राहकाची फसगत होते ती बहुधा याच ठिकाणी.

पहिले काम कंपन मारण्याचे. यासाठी ब्युटाइल रबराची चिकट चादर वापरतात, जिच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. पत्रा थरथरू लागला की पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये अडकलेले रबर ताणले आणि घासले जाते. कंपनाची ऊर्जा तिथेच अल्पशा उष्णतेत रूपांतरित होते. जर्मनीत हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये पत्र्यावर लावलेल्या थरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर अमेरिकेत एडवर्ड करविन यांनी १९५९ मध्ये दोन कठीण थरांमध्ये दाबलेल्या रबरासारख्या थराचे गणित मांडले. आज दुकानात मिळणारी चंदेरी चादर त्याच तत्त्वावर काम करते. या चादरीने पूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. पत्र्याच्या मधल्या, सर्वाधिक थरथरणाऱ्या भागाचा पाव ते निम्मा हिस्सा झाकला तरी बहुतेक लाभ मिळतो. त्यापुढे दर फुटाला मिळणारा फायदा घटत जातो आणि वजन व खर्च मात्र वाढत राहतो.

दुसरे काम आवाज शोषण्याचे. फेल्ट, उघड्या छिद्रांचा फोम आणि ‘थिन्सुलेट’सारखे कृत्रिम तंतूंचे कापसासारखे थर हे काम करतात. ध्वनिलहर या तंतूंमधून जाताना घर्षणाने तिची ऊर्जा कमी होते. मात्र येथे जाडीला पर्याय नाही. लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका थर असेल तर शोषण उत्तम होते. १,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, म्हणजे त्यासाठी साडेआठ सेंटिमीटरचा थर हवा. १०० हर्ट्झच्या खर्जासाठी हाच थर ८५ सेंटिमीटर लागेल. मोटारीत एवढी जागा कुठली? म्हणूनच पाच-दहा मिलिमीटरचा फोम वाऱ्याची शीळ आणि टायरचा कर्कशपणा काहीसा कमी करतो, इंजिनाच्या घुमण्याला मात्र तो हात लावू शकत नाही.

तिसरे काम आवाज अडवण्याचे. त्यासाठी जड, लवचिक पडदा लागतो. खनिजाची पूड मिसळलेल्या व्हिनाइलची सुमारे तीन मिलिमीटर जाडीची आणि चौरस मीटरला जवळपास पाच किलो वजनाची चादर यासाठी वापरतात. पडद्याचे वजन दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने अधिक अडतो, असा ढोबळ नियम आहे. पण पडदा सलग असला पाहिजे. त्यात एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेला भाग कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. पाण्याच्या टाकीला एक भोक असले की भिंतीची जाडी निरुपयोगी ठरते, तसाच हा प्रकार आहे.

नामांकित कंपन्या कारखान्यातच या तिन्ही साहित्यांचा वापर करतात. फरशीवर डांबरी थर वितळवून बसवणे, पत्र्यावर यंत्राने द्रवरूप थर फवारणे, गालिच्याखाली फेल्ट घालणे हे नेहमीचे आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेत आवाज आणि कंपन यांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. स्वस्त आणि महाग मोटारीतील शांततेचा फरक पुष्कळ अंशी या न दिसणाऱ्या थरांचा, जाड काचेचा आणि दाराच्या रबराचा असतो.

आधी निदान, मग उपचार

काम हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीत नेमका कोणता आवाज त्रास देतो, हे शोधणे हिताचे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही.

गाडी मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये ठेवून, प्रवासात असते तितके इंजिन फिरवावे. ऐकू येतो तो आवाज इंजिनाचा. तो फार मोठा वाटला तर अस्तराआधी इंजिनाचे माउंटिंग, एअर फिल्टरची पेटी आणि सायलेन्सर मेकॅनिककडून तपासून घ्यावा. चालत्या गाडीत डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलत असेल, तर दोष टायर आणि रस्त्याचा आहे. रस्ता कोणताही असो, विशिष्ट वेगानंतर शीळ सुरू होत असेल आणि समोरून वारा आल्यावर वाढत असेल, तर ती फटींमधून येणारी हवा आहे.

दरवाज्यांचे रबर, ज्याला बाजारात बीडिंग म्हणतात, तपासण्याची पद्धत सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली, तर त्या ठिकाणी रबर दबलेले किंवा झिजलेले आहे. दाराच्या चारही बाजूंनी ही चाचणी घ्यावी. शंका असलेल्या फटीवर रंगकामाची कागदी टेप तात्पुरती लावून एक फेरी मारली, की वाऱ्याचा आवाज तिथूनच येतो का, याची खात्री पटते.

पत्र्याची परीक्षा बोटाच्या पेराने होते. दरवाज्यावर बाहेरून टकटक केल्यावर ‘ढण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर पत्रा उघडा आहे. ‘ठक्’ असा थोटा आवाज आला तर त्यावर आधीच थर आहे आणि तिथे आणखी चादर लावून विशेष लाभ नाही.

मोबाइलवरील डेसिबल मोजणारी ॲप्स अचूक नसली तरी आधी आणि नंतरची तुलना करण्यास पुरेशी असतात. अट एवढीच, की रस्ता, वेग, टायरमधील हवा आणि मोबाइलची जागा तीच असावी, काचा व एसी बंद असावेत. वाचन सहप्रवाशाने घ्यावे, चालकाने नव्हे.

एक इशारा येथे आवश्यक आहे. काही आवाज हे आजाराचे लक्षण असतात. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी ‘घूं’ अशी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. ब्रेक दाबल्यावर येणारी करकर ब्रेक पॅड संपल्याची खूण असते. सायलेन्सरची गळती आवाजाबरोबर विषारी वायूही सोडते. असे आवाज अस्तराखाली दडपणे म्हणजे तापाचे कारण न शोधता तापमापक फेकून देणे होय.

कुठे, किती?

निदान झाल्यावर खर्चाचा क्रम ठरवता येतो. वाऱ्याचा आवाज असेल तर पहिला खर्च रबराचा. झिजलेली बीडिंग बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि अनेक जुन्या गाड्यांत तेवढाच पुरतो. मूळ रबराच्या जोडीला दुसरे जाड रबर चिकटवण्याचा सल्ला दिला जातो. मात्र त्यामुळे दार आपटून लावावे लागत असेल, तर बिजागरी आणि लॉकवर ताण येतो.

टायरचा आवाज असेल तर टायरची झीज आणि हवेचा दाब प्रथम पाहावा. असमान झिजलेले टायर नव्या टायरपेक्षा कितीतरी अधिक बोलतात. टायर बदलण्याची वेळ जवळ आली असेल, तर अस्तराचा विचार थांबवून आधी कमी आवाजाचे टायर घ्यावेत. आतल्या बाजूस फोमचा थर असलेले टायरही काही कंपन्या बनवतात. ते पोकळीतील हवेचा घुमारा कमी करतात.

यानंतर अस्तराची पाळी येते. सर्वसाधारण लहान मोटारीत दरवाजे ही पहिली जागा. बाहेरचा पत्रा मोठा, पातळ आणि बहुधा उघडा असतो. त्याच्या मध्यभागी ब्युटाइलची चादर लावल्याने दार बंद होतानाचा पत्र्याचा आवाज भारदस्त होतो आणि स्पीकरचा आवाजही स्वच्छ येतो. हेच कारण आहे, की या व्यवसायाचा जन्म गाडीत संगीतयंत्रणा बसवणाऱ्यांच्या दुकानांतून झाला.

दुसरी जागा मागची चाके आणि डिकी. हॅचबॅक मोटारीत डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये भिंत नसते. मागच्या चाकांवरील कमानी आणि स्टेपनीची खोबण यांतून टायरचा आवाज थेट आत येतो. तेथे कंपनरोधक चादर आणि त्यावर शोषक थर अशी जोडी परिणामकारक ठरते. बाहेरून मडगार्डच्या आत प्लास्टिकचे कवच नसेल तर ते बसवल्याने खडी आणि पाण्याचे फटकारे कमी होतात.

तिसरी जागा फरशी. गालिच्याखाली कारखान्याचा थर असतोच, त्यामुळे येथे कंपनरोधक चादरीपेक्षा जड पडदा अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी सीट आणि गालिचा काढावा लागतो. काम मोठे आहे आणि चुकांची शक्यताही इथेच अधिक असते.

चौथी जागा छत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर नेहमी प्रवास करणाऱ्यांना याचा लाभ सर्वांत स्पष्टपणे जाणवतो, कारण पावसाचा ताशा छताच्या पत्र्यावरच वाजतो. थोडीशी चादर त्याला पुरते. छतावर जड साहित्य लावू नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा सहज ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो आणि हलक्या प्रतीचा गोंद सुटून सगळा थर अस्तरासह डोक्यावर लोंबू लागतो.

इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील फायरवॉलवर आतून काम करायचे तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे सामान्य ग्राहकाने टाळलेले बरे. बॉनेटच्या आतल्या बाजूला केवळ उष्णतारोधक, त्याच कामासाठी बनवलेले पॅडच लावावे.

काम करण्याची पद्धत

पत्रा स्वच्छ नसेल तर उत्तम चादरही टिकत नाही. धूळ, जुना गोंद आणि तेलकटपणा पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा कोरडा करून मगच चादर चिकटवतात. गंजाचा डाग दिसला तर तो घासून, त्यावर गंजरोधक रंग देऊन वाळू द्यावा लागतो. गंजावर चादर लावली तर तो आत वाढतच राहतो. त्यानंतर लहान रोलरने चादरीवर जोर देऊन तिच्यावरील उंचवट्यांची नक्षी सपाट होईपर्यंत दाबतात. खाली हवेचा फुगा राहिला तर त्या जागी चादर कामच करत नाही आणि पावसाळ्यात तिथे ओल धरते. ॲल्युमिनियमच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. हातमोजे घालणे आणि वायरिंगजवळच्या कडा टेपने झाकणे आवश्यक असते.

स्वस्तात मिळते म्हणून गच्चीच्या गळतीसाठी वापरली जाणारी डांबरी टेप गाडीत लावण्याचा प्रकार सर्रास आढळतो. दिसायला ती चंदेरी आणि तशीच असते. मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती मऊ होऊन ओघळते आणि बंद गाडीत डांबराचा वास कोंडतो. खरेदी करताना साहित्य ब्युटाइलचे आहे की डांबराचे, हे विचारून घ्यावे. तुकड्याला तीव्र डांबरी वास येत असेल तर तो नाकारावा.

पाणी, आग आणि एअरबॅग

या कामातील सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. काचेच्या खालच्या रबरातून पावसाचे पाणी दरवाज्याच्या पोटात जाणारच, अशी दाराची रचनाच असते. ते दाराच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे चादरीने बुजली तर दारात पाणी साचून ते काही पावसाळ्यांतच आतून सडते. दरवाज्याच्या आतल्या प्लास्टिकच्या कव्हरमागे, ज्याला गॅरेजमध्ये डोअर पॅड म्हणतात, पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. हा कागद पाण्याला प्रवासी कक्षात येऊ देत नाही. घाईत काम करणारे कारागीर तो फाडतात आणि परत लावत नाहीत. मग गालिचा ओला का होतो, याचा शोध मालक पुढचे दोन पावसाळे घेत बसतो. दाराच्या पोटात आणि फरशीवर उघड्या छिद्रांचा फोम किंवा फेल्ट कधीही वापरू नये. तो स्पंजासारखे पाणी धरतो. तिथे बंद छिद्रांचा फोमच योग्य.

दुसरा प्रश्न आगीचा. मोटारीत वापरल्या जाणाऱ्या साहित्याचा जळण्याचा वेग तपासण्याची मानके आहेत. अमेरिकेच्या ‘एफएमव्हीएसएस ३०२’ या मानकानुसार ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. गादीच्या दुकानातील साधा फोम किंवा पॅकिंगचा थर्माकोल या कसोटीला उतरत नाही. वायरिंगच्या शेजारी असे साहित्य कोंबणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे आहे.

तिसरा, आणि सर्वांत दुर्लक्षित, प्रश्न सुरक्षायंत्रणेचा. काही मोटारींत बाजूने धडक बसल्यावर दाराच्या पोकळीतील हवेचा दाब एकदम वाढतो, यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवले जाते. हा दाब मोजणारा सेन्सर झाकला गेला किंवा दाराची मूळ बंदिस्ती बिघडली, तर यंत्रणेच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो. छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या भागात काहीही चिकटवू नये. सीट काढताना तिच्याखालील पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरीची जोडणी सोडवून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर काम करण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्राला लेखी विचारणे श्रेयस्कर.

शेवटी वजन. दोन मिलिमीटर जाडीची ब्युटाइल चादर चौरस मीटरला सुमारे तीन किलो भरते. दरवाजे आणि डिकी यांवर बेताने लावली तर पाच-सात किलोची भर पडते, तिचा काही त्रास नाही. परंतु संपूर्ण गाडीला चादर आणि जड पडदा लावला तर तीस-चाळीस किलोची भर सहज पडते. म्हणजे एक लहान मूल कायम गाडीत बसवून ठेवल्यासारखे होते. लहान इंजिनाच्या गाडीत त्याचा परिणाम इंधनावर आणि वेग घेण्यावर होतो.

अपेक्षा किती ठेवावी?

नीट केलेल्या कामाने गाडीच्या आतल्या आवाजात काही डेसिबलचीच घट होते, पण आवाजाचा पोत निश्चित बदलतो. पत्र्याची खडखड जाते, दार भारदस्त लागते, पावसाचा मारा सौम्य होतो. काचांमधून येणारा आवाज मात्र तसाच राहतो. त्याला अस्तराचा उपाय नाही. महागड्या मोटारींत दोन काचांमध्ये ध्वनिरोधक प्लास्टिकचा थर दाबलेला असतो, त्याचे कारण हेच. एखादा आवाज कमी झाला की त्याखाली दबलेला दुसरा आवाज पुढे येतो, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचा आवाज नसल्याने टायर आणि वारा अधिक ठळकपणे ऐकू येतात, ते याच न्यायाने.

खर्जातल्या घुमण्यावर आणखी एक मार्ग आहे, तो आवाजाने आवाज मारण्याचा. उलट्या लहरीने मूळ लहर रद्द करण्याच्या या कल्पनेचे अमेरिकी पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले. आज काही मोटारींत स्पीकरच्या मदतीने ती वापरली जाते. मात्र ती कारखान्यातूनच यावी लागते.

पूर्ण शांतता हे ध्येयही नव्हे. रुग्णवाहिकेचा भोंगा, मागून येणाऱ्या दुचाकीचा हॉर्न आणि स्वतःच्या गाडीची बदललेली कुरकुर चालकाच्या कानावर पडलीच पाहिजे. मुंबई वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये चर्चेत आणलेल्या ‘पनिशिंग सिग्नल’मध्ये हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. रस्त्यावरच्या गोंगाटाचे मूळ चालकांच्या सवयीत किती आहे, हे त्या प्रयोगाने हसतखेळत दाखवून दिले होते.

काम देण्यापूर्वी विचारावे असे काही

चादर ब्युटाइलची आहे का? तिची जाडी आणि चौरस मीटरचे वजन किती? दाराच्या तळाची छिद्रे मोकळी राहतील का? आतला प्लास्टिकचा कागद परत बसवला जाईल का? फोम बंद छिद्रांचा आहे का? एअरबॅगच्या वायरिंगला हात लागणार आहे का? पूर्ण गाडीऐवजी केवळ पुढचे दोन दरवाजे आधी करून मिळतील का?

यांतला शेवटचा प्रश्न ग्राहकाच्या सर्वाधिक हिताचा आहे. दोन दरवाजे करून घ्यावेत, कव्हर परत लागण्यापूर्वी दारात तांब्याभर पाणी ओतून ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते का ते पाहावे, नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि मागच्या सीटवरच्या माणसाला विचारावे. त्याचे बोलणे पुढे ऐकू येऊ लागले असेल, तर पुढचा खर्च करायचा की नाही, हे ठरवणे सोपे जाते.